मदत हवी आहे: युरेनियम-मॉलिब्डेनम इंधनातील गॅमा प्रावस्था रोलिंगनंतर लवकर का मोडते?

नमस्कार. मी धातुशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असून संशोधन अणुभट्ट्यांच्या इंधनावर सेमिनारची तयारी करीत आहे. युरेनियम हाताळण्याचा आमच्याकडे प्रश्नच येत नाही, त्यामुळे शंका निव्वळ वाचनातली आहे.

शुद्ध युरेनियमची स्फटिकरचना तापमानानुसार बदलते आणि अशा प्रत्येक रूपाला प्रावस्था म्हणतात. ते सुमारे ६६८ अंश सेल्सिअसपर्यंत अल्फा, त्यापुढे साधारण ७७५ अंशांपर्यंत बीटा आणि मग वितळेपर्यंत गॅमा प्रावस्थेत असते. अल्फा विकिरणात एका दिशेने वाढते व दुसऱ्या दिशेने आखडते, म्हणून वजनाने १० टक्के मॉलिब्डेनम मिसळून गॅमा खोलीच्या तापमानापर्यंत टिकवली जाते. मात्र हे टिकणे तात्पुरते असते. सुमारे ५६० अंशांखाली पुरेसा वेळ मिळाला की तिचे अल्फा आणि युरेनियम-मॉलिब्डेनमचे २:१ संयुग यांत विघटन होते, आणि ५०० अंशांच्या आसपास ते सर्वांत लवकर सुरू होते.

ओतीव धातू गोठताना डेंड्राइटच्या (झाडाच्या फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) गाभ्यात मॉलिब्डेनम जास्त, तर शेवटी गोठणाऱ्या भागात कमी राहते. ९०० ते १००० अंशांवर दीर्घकाळ तापवूनही ही विषमता पूर्ण गेली नसेल, तर रोलिंगमध्ये (रुळांमधून दाबून पातळ करताना) तिचे लांबट पट्टे होतात, आणि कमी मॉलिब्डेनमचे पट्टे अल्फाला सोयीचे असतात. त्याच रोलिंगने धातूचे कण (स्फटिक) बारीक होऊन त्यांच्यामधल्या कणसीमाही वाढतात, आणि विघटनाचे पापुद्रे (अल्फा व २:१ संयुगाचे आलटूनपालटून येणारे पातळ थर) तर कणसीमांवरूनच आत सरकतात. मग विघटन लवकर होण्याचे श्रेय कणसीमांना द्यायचे की पट्ट्यांना, हे कसे ठरवावे? शिवाय २:१ संयुगाची क्ष-किरण विवर्तनातील (स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीतील) आलेखाची शिखरे गॅमाच्या शिखरांना खेटून येतात. अशा वेळी केवळ अल्फाच्या शिखरांवरून विघटनाचे प्रमाण काढणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद:

एकाच नमुन्यात ही दोन कारणे सुटी होणार नाहीत. नीट एकजिनसी केलेला तोच धातू एकदा तसाच, एकदा रोलिंग करून आणि एकदा रोलिंगनंतर ॲनीलिंग करून (तापवून ताण घालवून) ५०० अंशांवर सारखाच वेळ ठेवला आहे, असे प्रयोग वाचनात शोधावेत. तिसऱ्या नमुन्यामुळे साठलेल्या विरूपणाचा वाटा कणांच्या आकारापासून वेगळा काढता येतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पश्चप्रकीर्ण (नमुन्यावर आपटून मागे फिरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) चित्रांत कमी मॉलिब्डेनमचे पट्टे उजळ दिसतात. पापुद्रे त्या पट्ट्यांतच थांबले आहेत की पट्टा ओलांडून सर्वच सीमांवर आहेत, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते. कार्बाइडचे (कार्बनच्या संयुगाचे) गडद ठिपकेही नजरेआड करू नयेत, कारण रोलिंगनंतर त्यांच्याभोवती बारीक कण तयार होतात.

केवळ अल्फाच्या शिखरांवर मी विसंबणार नाही. रोलिंगने कणांना ठरावीक दिशा मिळते आणि शिखरांची उंची फसवी होते, म्हणून सूक्ष्मदर्शकातून मोजलेले क्षेत्रफळ जोडीला हवेच. आवरण चिकटवण्यासाठी गरम समदाब प्रक्रिया (डब्यात बंद करून सर्व बाजूंनी सारखा दाब देत तापवणे) वापरली असेल, तर केवळ ५६० अंशांवरचा वेळ धरू नका. जाड डबा सावकाश थंड होताना ५०० अंशांजवळ किती काळ रेंगाळला, तेही हिशेबात घ्या.