हृदयातील मधला पडदा कुठे पूर्ण, तर कुठे अर्धवट, असे का?

प्रश्न : वर्गशिक्षिका

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात बोकडाचे हृदय उभे चिरून विद्यार्थ्यांना दाखवले. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत जाड आणि उजवीची पातळ असते, हे पुस्तकात होतेच. परंतु दोन्ही जवनिकांमधला पडदा डाव्या भिंतीइतकाच जाड असून तो उजव्या बाजूला फुगलेला आहे, हे मुलांनी माझ्याआधी टिपले. त्यावर एका मुलीने विचारले की, केवळ शुद्ध आणि अशुद्ध रक्त वेगळे ठेवायचे असेल, तर एखादे पातळ पटलही पुरले असते; मग एवढी जाड भिंत कशासाठी? आणि बेडकाच्या जवनिकेत पडदाच नसतो, मग त्याचे कसे भागते? पडदा नसणे ही उणीव मानायची की सोय, याचे नेमके उत्तर मला देता आले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : नाडीपरीक्षक

विद्यार्थिनीच्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. हा पडदा दोन प्रकारच्या रक्तांमध्ये असण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या दाबांमध्ये उभा आहे, असे पाहिले की त्याची जाडी लगेच उलगडते. निरोगी प्रौढ माणसाची डावी जवनिका आकुंचन पावते तेव्हा तिच्यातील दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. उजवीतील दाब त्याच क्षणी २५ च्या आसपास असतो. फुप्फुसे हृदयाच्या शेजारीच असून त्यांच्या रक्तवाहिन्यांचा विरोध कमी असतो, म्हणून उजव्या बाजूला तेवढा दाब पुरतो. डाव्या बाजूला मात्र डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त ढकलायचे असते. मधला पडदा हा नुसता आडोसा नसून डाव्या पंपाचा कार्यरत स्नायू आहे, आणि म्हणूनच तो उजवीकडे फुगलेला दिसतो. (जवनिका या शब्दाचा जुना अर्थच ‘पडदा’ असा आहे, हे मुलांना जरूर सांगावे.)

कर्णिकांमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, दाब थोडा असतो, त्यामुळे तिथला पडदा पातळ असतो. त्याची गोष्ट अधिक सुरस आहे. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसल्यामुळे तिकडे फारसे रक्त पाठवून उपयोग नसतो. म्हणून या पडद्यात एक अंडाकृती वाट राखलेली असते आणि वारेकडून आलेले प्राणवायुयुक्त रक्त उजव्या कर्णिकेतून थेट डावीकडे जाते. या वाटेवर डाव्या बाजूने एक पातळ झडप असते. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसे उमलतात, तिथून भरपूर रक्त डाव्या कर्णिकेत परतते, तिथला दाब उजवीपेक्षा वाढतो आणि झडप आपोआप वाटेवर दाबली जाते. पुढे बहुतेकांमध्ये ती कायमची चिकटते. सुमारे चारांपैकी एका प्रौढात ती पूर्ण चिकटत नाही, तरीही त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. आपण पुन्हा हृदय आणाल तेव्हा उजव्या कर्णिकेच्या आतील भिंतीवर अंगठ्याने दाबल्यासारखा एक खळगा शोधावा. तीच ती बुजलेली वाट.

‘हृदयाला छिद्र’ असे आपण सर्रास म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कर्णिकांमधले छिद्र अनेक वर्षे गप्प राहू शकते. जवनिकांमधल्या मोठ्या छिद्रातून मात्र डावीकडचे रक्त जोराने उजवीकडे घुसते, फुप्फुसांवर भार पडतो, दूध पिताना बाळाला धाप लागते आणि वजन वाढत नाही. अशा बाळाची तपासणी लांबणीवर टाकू नये, हे मी कळकळीने सांगतो.

उत्तर २ : एका मुलाची आई

वरील उत्तराला माझा अनुभव जोडते. माझ्या मुलाच्या जन्मानंतर दुसऱ्याच महिन्यात छातीत आवाज असल्याचे निदान झाले. तो आवाज इतका स्पष्ट होता की छातीवर तळहात ठेवला तरी थरथर जाणवे, आणि त्यामुळे आम्ही पुरते हादरलो होतो. डॉक्टरांनी समजावले की आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठे असे नाही. पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने जवळजवळ बंद केले की धार जशी जोरात आणि आवाज करीत सुटते, तसेच लहान छिद्रातून होते. पडद्याच्या स्नायुमय भागातले ते लहान छिद्र होते आणि भोवतीचा स्नायू वाढत गेला तसे तिसऱ्या वर्षापर्यंत ते आपोआप बुजले. प्रत्येक मुलाच्या बाबतीत असेच होईल असे नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच. परंतु आवाजाच्या मोठेपणावरून आईवडिलांनी धीर सोडू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

उत्तर ३ : गांडूळमित्र

बेडकाविषयी लिहितो. त्याच्याकडे काहीतरी राहून गेले आहे, असे वर्गात सांगितले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. बेडूक फुप्फुसांबरोबरच ओल्या त्वचेतूनही श्वसन करतो आणि त्वचेकडून येणारे प्राणवायुयुक्त रक्त उजव्या कर्णिकेत पोहोचते. म्हणजे त्याच्या दोन्ही कर्णिकांमध्ये उपयुक्त रक्त येत असते. शिवाय पाण्याखाली फुप्फुसे निकामी असताना तिकडचे रक्त कमी करून ते इतरत्र वळवता येते. मध्ये पक्की भिंत असती, तर ही मुभा राहिली नसती. जवनिकेची आतली बाजूही स्पंजासारखी कप्प्याकप्प्यांची असल्याने दोन्ही प्रवाह वाटते तितके मिसळत नाहीत.

घोरपडीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिच्या जवनिकेतील पडदा अपुरा आहे. परंतु आकुंचनाच्या वेळी आतला स्नायूचा उंचवटा समोरच्या भिंतीवर घट्ट टेकतो आणि त्या क्षणापुरते दोन वेगळ्या दाबांचे दोन कप्पे तयार होतात. मगरीच्या जवनिकांमधला पडदा पूर्ण आहे, परंतु हृदयातून निघणाऱ्या दोन महाधमन्यांच्या मुळाशी त्यांना जोडणारे एक छिद्र आहे. पानिझ्झा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. शिवाय तिची एक महाधमनी उजव्या जवनिकेतून निघते. म्हणून बुडी मारलेली मगर फुप्फुसांकडे जाणारे काही रक्त शरीराकडे वळवू शकते.

हृदयाबाहेरचे एकच उदाहरण देतो. गांडुळाच्या शरीरात बहुतेक वलयांच्या दरम्यान आडवे पडदे असतात आणि प्रत्येक कप्प्यात द्रव भरलेला असतो. गांडुळाला हाडे नाहीत. हा कोंडलेला द्रवच त्याच्या सांगाड्याचे काम करतो. पडद्यांमुळे एका जागचा दाब शेजारी फारसा पसरत नाही, म्हणून शरीराचा एक भाग आखडून जाड आणि त्याच वेळी दुसरा ताणून बारीक होऊ शकतो. ओल्या कागदावर गांडूळ ठेवून कान जवळ नेला तर त्याच्या राठ केसांची खरखर ऐकू येते. जाड झालेला भाग त्या केसांनी जमीन धरून ठेवतो. जळू गांडुळाचीच नातलग, पण तिच्या शरीरात असे आडवे पडदे नाहीत. ती दोन टोकांच्या चूषकांनी पकड घेत सबंध शरीर ताणून पुढे सरकते.

उत्तर ४ : जुनी पाने

या पडद्याने वैद्यकाला चौदा शतके चकवले, हेही मुलांना कळावे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेनचे मत होते की पडद्यात अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. १२४२ च्या सुमारास अरब वैद्य इब्न अल्-नफीस याने स्पष्ट लिहिले की ही भिंत भरीव आहे, तिच्यात दिसणारी वा न दिसणारी कोणतीही वाट नाही, आणि रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येत असले पाहिजे. युरोपात मात्र शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने सोळाव्या शतकात शंका घेईपर्यंत आणि इंग्लिश वैद्य हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडेपर्यंत जुनेच मत चालले. धमन्यांतून शिरांत रक्त जाते कुठून, हा सूक्ष्म केशवाहिन्यांचा दुवा इटालियन शास्त्रज्ञ माल्पिघीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तोही बेडकाच्याच फुप्फुसात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : वर्गशिक्षिका

आज पुन्हा एक हृदय आणून उजवी कर्णिका उघडली. खळगा सापडला. कर्णिकेच्या आत विजेरी धरून वर्गातील दिवे बंद केले, तेव्हा भोवतीची भिंत काळोखी राहिली आणि मधला अंडाकृती भाग तेवढा लालसर उजळला. मुले एकेक करून पुढे आली आणि कोणीही घाई केली नाही. त्याच मुलीने आता नवा प्रश्न विचारला आहे : छाती आणि पोट यांच्यामधले स्नायूचे श्वासपटल सस्तन प्राण्यांनाच असते, तर पक्षी श्वास कसा घेतात?

उत्तर ५ : गांडूळमित्र

पक्ष्यांची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या छातीच्या हाडाच्या खालीवर होण्याने भात्यासारख्या भरतात व रिकाम्या होतात, आणि फुप्फुसातील बारीक नळ्यांतून हवा श्वास घेताना व सोडताना एकाच दिशेने वाहत राहते. म्हणून पक्षी हातात घेताना त्याची छाती आवळू नये; नाकपुड्या मोकळ्या असल्या तरी तो गुदमरतो. हे मुलांना आधी सांगावे, पिशव्यांची आकृती नंतर काढावी.