डिकीत काय काय ठेवता? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात ऐन पावसात, रात्री साडेनऊला गगनबावड्याहून परत येत होतो. साळवण ओलांडलं आणि मागचं डावं चाक बसलं. म्हटलं, काळजी कसली? स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे. दोन पिशव्या, एक फणस आणि सासूबाईंनी दिलेली तांदळाची गोणी रस्त्याकडेला उतरवली, तेव्हा कुठं स्टेपनी दिसली. बायको छत्री धरून फणसाची राखण करत उभी. तीन नट निघाले. चौथा लॉक नट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, खास चावीनंच निघणारा. त्याची चावी घरी शोकेसच्या खणात, शोरूमनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट न फोडता जपून ठेवलेली!

शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. त्याच्याकडं पायानं मारायचा पंप होता. हवा मारायची, चार-पाच किलोमीटर जायचं, परत हवा मारायची, असं करत कळे गावापर्यंत आलो. तो बिचारा मागं मागं येत राहिला. पैसे घेतले नाहीत, फणस घेतला.

तर मंडळी, दुकानातली यादी नको. वेळेला काय कामाला आलं आणि काय असूनही नडलं, ते लिहा. कोल्हापूर आणि आजूबाजूचे रस्ते धरून लिहिलंत तर उत्तम.

— घाटवेडा

उद्यमनगरी फिटर

भावा, लॉक नटची चावी घरात ठेवणारा तू पहिला न्हाईस. आमच्याकडं महिन्याला एक तरी येतोय.

स्टेपनीत हवा बघता का कधी? चार चाकांत मारता आणि पाचवं विसरता. पेट्रोल पंपावर डिकी उघडायचा कंटाळा येतोय लोकांना. माझ्याकडं आलेल्या निम्म्या स्टेपन्या टायर पंक्चर झालेल्या दिवशीच पहिल्यांदा बाहेर निघत्यात, आणि त्यातल्या कैक बसलेल्या असत्यात. कंपनीनं सांगितल्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्तच मारून ठेवा, पडून पडून हवा उतरतेच.

गाडीबरोबर येतोय तो पाना आखूड. वर्कशॉपात मशिननं आवळलेला नट त्यानं हलत न्हाई. त्याच्यावर चढंल असा दीड-दोन फूट पाइपचा तुकडा आमच्या उद्यमनगरात भंगारात मिळतोय, तो टाकून ठेवा. नट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा. उलटं केलं तर चाक फिरतंय आणि गाडी जॅकवरनं घसरती. जॅकखाली एक फळकूट पाहिजेच, पावसात साइडपट्टीच्या चिखलात जॅक सरळ आत जातोय.

जंपर केबल जाड घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या बारीक केबली हातात गरम होत्यात, गाडी काय चालू होत न्हाई. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. राहिलेलं काळं टोक मेलेल्या बॅटरीला न्हाई, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासनं लांब. ठिणगी उडतीया आणि बॅटरीतनं गॅस निघतोय, म्हणून. काढताना उलट्या क्रमानं. आणि 10 नंबरचा एक पाना ठेवा, बहुतेक बारक्या गाड्यांचे टर्मिनल त्यानं निघत्यात.

किणीची वाट

जुलै 2021. पुण्याहून कोल्हापूरला निघालो, आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं म्हणून किणीच्या अलीकडंच अडकलो. मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासरे. दोन रात्री गाडीत. पुढं ट्रक, मागं ट्रक.

वाईट दिवस होते, पण उपाशी राहिलो नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं पिठलं-भाकरी आणि चहा घेऊन येत होती. आम्हाला नडलं ते वेगळंच. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या त्या दिवसापुरत्याच घेतल्या होत्या, चार तासांचा तर प्रवास! पॉवर बँक होती, पण रिकामी. रेंज येत-जात होती, त्यामुळं पैसे मोबाइलवरून जाईनात, आणि रोख म्हणाल तर पर्समध्ये एकशे दहा रुपये. मुलीला कोरडे मोजे नव्हते. टाकी पाऊण भरलेली होती तेवढंच नशीब, रात्री काचांवर वाफ धरली की थोडा वेळ इंजिन चालू करता यायचं.

आता पावसाळाभर डिकीत एक चादर, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, पाच लिटर पाणी आणि भडंगाचा घट्ट झाकणाचा डबा असतो. हजार रुपयांच्या सुट्ट्या नोटा गाडीच्या पुस्तिकेत लपवल्या आहेत. गोळ्या मात्र पर्समध्ये, आठ दिवसांच्या. आणि निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघते. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. 39 च्या वर गेली की मी निघतच नाही, नवऱ्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

खोडव्याचा ऊस

सांगली रोड, हातकणंगल्याच्या पुढं, जानेवारीतली रात्र. क्लच गेला. डिकीत रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण होता, गाडीबरोबर आलेला. पण तो घडीचा, कसा जोडायचा ते आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. अंधारात, मोबाइल दातांत धरून, मागनं उसाच्या ट्रॉल्या येत असताना तो जोडायचा प्रयत्न करा एकदा! त्या ट्रॉल्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि त्यांना चुकवायला बाहेर येणारी गाडी थेट आपल्या अंगावर. शेवटी बाभळीची फांदी मोडून रस्त्यावर टाकली. (आणि निघताना उचलली. दगड-फांद्या तशाच टाकून जाणाऱ्यांना काय म्हणावं ते इथं लिहिता येत नाही.)

घरी आल्यावर अंगणात दहा वेळा त्रिकोण जोडला. गाडीपासून निदान पन्नास पावलं मागं ठेवायचा, महामार्गावर शंभर. चिकटवून ठेवल्यासारखा बंपरला टेकवून काही उपयोग नाही. एक चमकणारं जॅकेटही घेतलं. ते डिकीत नको, ड्रायव्हरच्या सीटखाली. डिकीपर्यंत जातानाच तर उडवतात.

कळंब्याची आई

आमच्या फर्स्ट एड डब्यातली बँडेजपट्टी चिकटत नव्हती आणि मलमाचं पाणी झालं होतं. मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी म्हणजे भट्टीच. फोंडा घाटात मुलाचा गुडघा फुटला तेव्हा सॅनिटरी पॅड दाबून वर ओढणी बांधली, रक्त थांबलं. तेव्हापासून दोन पॅड डब्यात कायम. घाटासाठी आल्याच्या वड्या आणि जाड पिशव्या. पिशवीला भोक नाही ना, ते आधी फुंकर मारून बघा.

पद्मिनीवाले काका

आमच्या वेळी डिकी म्हणजे अर्धं गॅरेज. माझ्या प्रीमियर पद्मिनीत फॅन बेल्ट, प्लग, कंडेन्सर, क्लचची वायर, कासऱ्याचा दोर आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. साबण कशाला? पेट्रोलची टाकी गळायला लागली की त्यावर घासायचा, गावापर्यंत पोचायचं. राधानगरीच्या रस्त्यावर एकदा रेडिएटर गळायला लागला तर डब्यातली हळद आत टाकून कोल्हापूर गाठलं होतं.

उद्यमनगरी फिटर

काका, पाया पडतो, पण हळदीचं आता कुणाला सांगू नका. आजच्या रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदत्यात आणि मग माझ्याकडं येत्यात. गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. गरम असताना झाकण उघडायचं न्हाई, तोंड भाजतंय. टोचनचा हुक मात्र सगळ्यांनी शोधून ठेवा. नव्या गाड्यांत तो सुटा असतोय, बंपरवरची बारकी टोपी काढून आटे लावून बसवायचा. दोर असतोय आणि बांधायचा कुठं तेच माहीत नसतंय.

चार्जिंगला लावलंय

इलेक्ट्रिकवाल्यांनो, आपल्या गाडीतही साधी 12 व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के असली तरी गाडी दगड. दाराची हातकिल्ली कुठं आहे ते बघून ठेवा. आणि टोचन नाही, चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटर खराब होऊ शकते. सपाट पाट्याची गाडीच मागवायची.

जयंती नाल्याशेजारी

पाण्यात गाडी बंद पडली आणि मी दोनदा सेल्फ मारला. पाणी आत गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यात इंजिनचं वेगळं कलम घेतलं नव्हतं. माझ्या किटमध्ये आता एकच गोष्ट आहे, डॅशबोर्डवर चिकटवलेली चिठ्ठी: ‘पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नकोस.’

काच फोडायची हातोडीही आहे, दाराच्या कप्प्यात. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण फुटून पडत नाही.

दाजीपूरकर

बॅटरी ठेवा, म्हणजे टॉर्च. सेल बाहेर काढून ठेवा, आत राहिले की फुटून हिरवे होतात. आमच्याकडं रात्री गवा रस्त्यात उभा असतो, तेव्हा मात्र टॉर्च मारू नका, हॉर्नही नको. डिपर खाली करा आणि बसून राहा. मी चाळीस मिनिटं बसलोय. भडंगाची सूचना पटली.

घाटवेडा

सगळ्यांचे आभार. काल रविवारी डिकी रिकामी केली. स्टेपनीत हवा निम्मीच होती. मारून आणली. त्रिकोण जोडून बघितला, मुलानं माझ्या आधी जोडला. लॉक नटची चावी पाकिटातून काढून कप्प्यात टाकली.

उद्यमनगरी फिटर

कुठल्या कप्प्यात?

घाटवेडा

स्टेपनीच्या खालच्या.

उद्यमनगरी फिटर

आणि वर परत तांदळाची गोणी?

घाटवेडा

... काढतो.