बायवीकली, नेक्स्ट फ्रायडे, हंड्रेड इयर फ्लड… वेळेच्या बाबतीत इंग्रजी एवढी ढिली का?

शिरोलीचा_डिस्पॅचवाला
मंडळी विषय काढतोय, शिव्या घालायच्या तर घाला. आमचं फौंड्रीचं काम, कास्टिंग बाहेर जातंय, थोडं अमेरिकेला थोडं युरोपात, आणि माझा निम्मा दिवस मेल वाचण्यात. आता माझं पक्कं मत झालंय की वेळ सांगायला इंग्रजीइतकी ढिली भाषा नाही, आणि आपण मात्र तिला लय काटेकोर समजून बसलोय. 'बायवीकली शिपमेंट' म्हणजे काय सांगा बघू. आठवड्यातनं दोनदा का दोन आठवड्यातनं एकदा? मेरियम-वेबस्टरची डिक्शनरी उघडून बघा, दोन्ही अर्थ दिलेत. बायमंथलीचं पण तेच. म्हणजे एका अर्थानं महिन्याला आठ गाड्या लावायच्या, दुसऱ्या अर्थानं दोन, आणि शब्द एकच! मग 'नेक्स्ट फ्रायडे'. सोमवारी मेल आला तर हा चारच दिवसांवरचा शुक्रवार का त्याच्या पुढचा, ह्यावर खुद्द गोऱ्यांच्यात एकमत नाही. माझं म्हणणं, आपण आपापसात लिहिताना तरी हे शब्द बंद करावेत. सरळ तारीख टाका, विषय कट.

पेठेतला_पप्या
तारीख टाक की भावा. ०५/०६ टाक. अमेरिकावाला ६ मे ला माल मागतोय का नाही बघ 😂

शिरोलीचा_डिस्पॅचवाला
महिना अक्षरात लिहायचा रे. एवढं कळतंय.

राजारामपुरी_मास्तर
मी इंग्रजी शिकवतो, म्हणून हे वाचून गप्प बसवेना. डिस्पॅचवाले, तुम्ही भाषेवर जो आळ घेताय तो चुकीचा आहे. तुमच्या बायवीकलीच्या भानगडीला इंग्रजीत कधीचा शब्द आहे, फोर्टनाइट. फोर्टीन नाइट्स, चौदा रात्री, जुन्या इंग्रजीत रात्री मोजायची पद्धत होती त्यातनं आलेला. सात रात्रींचा सेनाइट पण होता, तो मेला. ब्रिटिश माणूस आजही फोर्टनाइटली म्हणतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. अमेरिकेत तो शब्द फारसा चालत नाही म्हणून तिकडं बायवीकलीवर भागवतात. आपण शाळेत शिकतो ब्रिटिश, नोकरीत मेल येतात अमेरिकन, आणि खापर फोडतो भाषेवर.

आणि मराठी काय धुतल्या तांदळाची आहे का? 'परवा' म्हणजे कुठला दिवस? मागचा का पुढचा? 'आठ दिवसांनी या' म्हणलं की आपण सातव्या दिवशी, म्हणजे त्याच वारी जातो. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा. हे परक्याला समजावून बघा एकदा.

शिरोलीचा_डिस्पॅचवाला
मास्तर, परवाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 'परवा आलतो' आणि 'परवा येतो', क्रियापद ऐकलं की खेळ खल्लास, शंकेला जागाच नाही. बायवीकलीला वाचवायला कुठलं क्रियापद येतंय? फोर्टनाइट चांगला शब्द आहे हे मान्य, पण समोरचा वापरतच नसेल तर मी त्याचं काय लोणचं घालू?

करवीरचा_ऊसवाला
पंधरवड्याचा विषय निघालाच आहे तर. साखर कारखान्याचा पंधरवडा १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर. म्हणजे फेब्रुवारीत दुसरा पंधरवडा तेरा दिवसांचा आणि जानेवारीत सोळाचा. इंग्रजी रिपोर्टात ह्यालाच फोर्टनाइट लिहितात, लीप वर्षाचा फेब्रुवारी सोडला तर चौदा कधीच नसतात. पण ऊस दराचा कायदा बघा, १९६६ चा शुगरकेन कंट्रोल ऑर्डर, तिथं ऊस घातल्यापासनं १४ दिवसांत पैसे असं आकड्यात आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पैसे वेळेत मिळतात का हा वेगळा धागा होईल, त्यात मी पडत नाही. सांगायचं एवढंच की जिथं पैसा अडकतो तिथं इंग्रजीवाल्यांनी पण फोर्टनाइट लिहिलं नाही, आकडा लिहिला.

राजारामपुरी_मास्तर
म्हणजे आकडा लिहिता येतो, भाषा अडवत नाही. हेच तर मी म्हणतोय.

पंचगंगेकाठचा
तुम्ही शिपमेंटवर भांडा, माझ्या डोक्यात दुसराच शब्द बसलाय. हंड्रेड इयर फ्लड. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या कोल्हापुरात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३. गल्लीत जो तो म्हणत होता, शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर होता, आता आपल्या हयातीत नाही. लोकांनी खालच्या मजल्याला नवीन फरशी घातली, फर्निचर केलं. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्या वर. दोन वर्षांत!

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की त्या शब्दाचा शंभर वर्षं थांबण्याशी काही संबंधच नाही. दरवर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर यायची शक्यता १०० त १, असा त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही, परत १ टक्का. आणि दरवर्षीचा हा १ टक्का तीस वर्षं धरला, म्हणजे एका होम लोनचा काळ, तर त्यात निदान एकदा तरी असा पूर यायची शक्यता २६ टक्के होते, चारात एक म्हणा. आता मला सांगा, 'हंड्रेड इयर' ऐकून किती जणांच्या डोक्यात चारात एक येतं? मी तरी डिस्पॅचवाल्याच्या बाजूनं. शिपमेंट चुकली तर दंड बसंल, इथं घर जातंय.

सिव्हिल_कदमवाडी
थांबा थांबा. मी ह्याच कामात आहे. ह्या 'शंभर वर्षां'ला आमच्यात 'रिटर्न पीरियड' म्हणतात, ही डिझाइनची संज्ञा आहे, पुलाची उंची, नाल्याचा आकार ठरवताना वापरायची. ती घरमालकासाठी कधीच नव्हती. बातम्यांत ती उचलून टाकली गेली आणि वाटोळं झालं. आणि आणखी एक, आमच्या २०१९ ला खरंच शंभर वर्षांचा म्हणायचं का हा पण प्रश्नच, २००५ चा पूर पण लोकांच्या आठवणीत आहे. नोंदीच कमी वर्षांच्या असतील तर तो आकडाच डळमळीत. शब्दाला दोष देऊन पाणी उतरत नाही, पूररेषेच्या आत बांधकामं कुणी केली ते विचारा.

पंचगंगेकाठचा
बांधकामांचं बरोबर आहे साहेब, त्यावर वाद नाही. पण शब्दाला दोष नाही म्हणता तर अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेनं स्वतःच लोकांना समजावताना 'वार्षिक १ टक्का शक्यता' असं म्हणायला का सुरुवात केली? त्यांच्या मातृभाषेतला शब्द, त्यांनाच बदलावासा वाटला.

सिव्हिल_कदमवाडी
हम्म. तो मुद्दा बरोबर आहे. तरी पण '१ टक्का' ऐकून लोकं अजून निवांत झोपतील असं माझं मत.

शिवाजी_पेठ_इतिहास
शतकाचा घोळ कुणीच काढला नाही होय? शाहू महाराजांचा ५० टक्के आरक्षणाचा जाहीरनामा २६ जुलै १९०२. पोरं बिनधास्त 'एकोणिसाव्या शतकात' लिहितात, एकोणीसशे दोन ना, मग एकोणिसावं! ते विसावं. हा घोळ मराठीत पण आहे म्हणून मी मास्तरांच्या बाजूनं. पण इंग्रजीत त्यावर आणखी एक मजला चढवलाय, 'नाइंटीन हंड्रेड्स'. काही जण १९०० ते १९०९ एवढंच धरतात आणि आजची पोरं अख्खं शतक.

पुण्यात_अडकलेली
मी आयटीत, मूळची उत्तरेश्वरची. डिस्पॅचवाले दादा, तुम्ही सगळ्यात भारी उदाहरण सोडलंत. 'बुधवारची मीटिंग टू डेज फॉरवर्ड केली.' आता मीटिंग सोमवारी का शुक्रवारी? मानसशास्त्रवाल्यांनी हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारलाय आणि उत्तरं जवळजवळ निम्मी-निम्मी पडतात. वेळ आपल्याकडं येतेय असं धरलं तर सोमवार, आपण वेळेत पुढं चाललोय असं धरलं तर शुक्रवार. आणि इथं आपला देशी 'प्रीपोन' कामाला येतो. त्यात शंकाच नाही, अलीकडं म्हणजे अलीकडं. परदेशी मॅनेजर हसतात पण ऑक्सफर्ड डिक्शनरीत आहे तो. म्हणून मला दोन्ही बाजू पटत नाहीत, शब्द बंद कशाला करायचे, आपले घुसवायचे.

पेठेतला_पप्या
नाद खुळा. औंदा प्रीपोन, पुढच्या वर्षी 'गुदस्ता' आणि 'परार' पाठवा ऑक्सफर्डला.

सीए_शाहूपुरी
सरकारलाही हे कळलंय बरं का. आयकरात इतकी वर्षं कमाई २०२४-२५ ची आणि असेसमेंट इयर, म्हणजे तिच्यावर कर आकारायचं वर्ष, २०२५-२६. दर जुलैत माझ्यासमोर बसून लोक चुकीचं वर्ष सांगतात, आणि त्यांची चूक नाही. २०२५ च्या नवीन कायद्यात 'टॅक्स इयर' आलं, १ एप्रिल २०२६ पासनं, कमाईचं वर्ष तेच कराचं वर्ष. मराठीत भाषांतर करून हा घोळ गेला नसता, संज्ञाच बदलायला लागली.

शिरोलीचा_डिस्पॅचवाला
सीए साहेब, मग एक सांगा. बिलावर 'विदिन ३० डेज फ्रॉम इन्व्हॉइस' असतं तर इन्व्हॉइसचा दिवस मोजायचा का नाही? पार्टी म्हणते सोडायचा, आमचा अकाउंटंट म्हणतो धरायचा.

सीए_शाहूपुरी
जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७, कलम ९. 'फ्रॉम' लिहिलं की पहिला दिवस सोडायचा, 'टू' लिहिलं की शेवटचा धरायचा. ते कायद्यांच्या वाचनासाठी आहे, तुमच्या खासगी करारात वेगळं काही लिहिलं असेल तर ते आधी बघा, पण एरवी हिशोब असाच धरतात. पार्टीचं बरोबर आहे. त्याच ॲक्टमध्ये 'मंथ' म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरचा महिना असं पण लिहून ठेवलंय.

राजारामपुरी_मास्तर
बघा, 'फ्रॉम' एवढ्या एका शब्दात निकाल. आणि म्हणे इंग्रजी ढिली.

शिरोलीचा_डिस्पॅचवाला
मास्तर, 'फ्रॉम'चा अर्थ लावायला कायद्याचं कलम काढायला लागलं की! बायवीकलीला कुठलं कलम आहे ते सांगा, मग बोलू. मी उद्यापासनं मेलमध्ये एव्हरी १४ डेज लिहिणार, आणि खाली पहिल्या गाडीची तारीख. महिना अक्षरात, पप्या.