इंदूरच्या थंडीतल्या पालेभाज्या : वाफ्यात काय लावता, ताटात काय येतं?

राजेंद्र नगरहून, धागा सुरू करताना

लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात ठेल्यावर रोज चाकवत विचारायचे. भैया मान हलवायचा, 'नहीं है'. आणि त्याच ठेल्यावर बथुआच्या जुड्या रचलेल्या असायच्या. शेवटी सासूबाईंनी एक जुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "हाच गं तुझा चाकवत." शेपूचंही तेच, इथे तो सुआ.

आता परसात चार बाय दहा फुटांचा वाफा आहे. आपली माळव्याची काळी माती पाणी मिळालं की चिकटते आणि वाळली की भेगाळते. दोन वर्षं मी घाईने सप्टेंबरातच मेथी-पालक पेरला. पावसाची शेवटची सर आली, पाणी साचलं आणि रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. तेव्हापासून दसरा झाल्याशिवाय बियांना हात लावत नाही. भरपूर शेणखत घालून वाफा वीतभर उंच करते, म्हणजे पाणी थांबत नाही. मेथी एकदम सगळी पेरत नाही, दर दहा दिवसांनी दोन ओळी.

कधी पेरता, कसं कापता आणि त्याचं काय करता, तिन्ही लिहा. नुसते फोटो नकोत.

सुदामा नगर, गच्ची

ताई, माझं सगळं भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये आहे. आतून पोतं लावायचं, वीतभर माती आणि कंपोस्ट. ओला कचरा वेगळा ठेवायची इंदूरला सवय लागलीच आहे, त्यातला निम्मा माझ्या गच्चीवरच जिरतो.

पालकाचं सांगते. आपल्या देशी पालकाचं बी म्हणजे खरं तर लहानसा गड्डा असतो, एकातून दोन-तीन रोपं येतात. रात्रभर भिजवून पेरलं तर आठवड्यात उगवतं. दाटी झाली की मधली रोपं उपटायची आणि तीच कोवळी पानं थालीपिठात घालायची. महिन्याभराने पहिली कापणी. मुळासकट ओढू नका. मातीपासून दोन बोटं वर, मधला कोवळा कोंब वाचवून कापा. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेवढाच येतो. मला एका पेरणीत चार कापण्या मिळतात. फेब्रुवारी सरत आला की दांडा वर जायला लागतो आणि पान राठ होतं, तेव्हा मात्र मोह सोडायचा.

रामबाग

आमच्या वाड्यात जेमतेम तीन तास ऊन येतं. तरी मेथी होते. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्री भिजवून पसरट घमेल्यात दाट पेरते, घमेल्याला खाली भोकं पाडलेली. चार-पाच दिवसांत उगवते. मोठी होण्याची वाट बघत नाही. बोटभर झाली की कापते, लसणाच्या फोडणीवर दोन मिनिटं परतते आणि मीठ शेवटी घालते, कारण परतल्यावर ती मूठभरच उरते. आधी घातलं की हमखास खारट होते.

लोकमान्य नगर

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. लहानपण देवासजवळच्या शेतात गेलं, त्यामुळे माझी पालेभाजी म्हणजे हरभऱ्याचा पाला. घरामागे दोन हात जागेत दरवर्षी हरभरा टाकतो, दाण्यांसाठी नाही, शेंड्यांसाठी. पेरल्यावर महिन्याभराने, फूल यायच्या आत, शेंडे खुडायचे. खुडलं की झाड आडवं फुटतं आणि जास्त फांद्या धरतं.

हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. आई पहाटे दवात धुतलेलं पातळ फडकं झाडांवर पसरायची आणि ते पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की त्यातलं थेंबभर पाण्यातून द्यायची. भाजीची आंबट चव तीच. म्हणून आमच्याकडे हा पाला धूत नसत. मी फवारणी करत नाही, म्हणून मीही धूत नाही. विकतचा असेल तर मात्र धुवाच.

कृती : चार मुठी पाला बारीक चिरून, तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, वरून पाला, वाटीभर पाणी. शिजला की दोन चमचे ज्वारीचं पीठ भुरभुरवून घोटायचं. उरलेला पाला सावलीत वाळवून डब्यात ठेवतो. मे महिन्यात भाजी महागते तेव्हा हा डबा उघडतो.

तिलक नगर

मला सावध करायचंय. जानेवारीत मोहरीच्या पाल्यावर मावा आला. दुकानातून औषध आणलं, भराभर मारलं आणि नंतर बाटलीवर वाचलं, फवारल्यावर किती दिवस काढणी करायची नाही ते. तोवर पाला जून झाला. दोन क्रेट उपटून टाकले, फार वाईट वाटलं. यंदा रोज सकाळी पानं उलटून बघते. मावा दिसला की पाण्याची जोरात धार मारायची, फार झालं तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब, तेही संध्याकाळी. या वर्षी सरसों आणि मक्याची रोटी दोनदा झाली.

लोकमान्य नगर

राजेंद्र नगरच्या ताई, चाकवताची तुमची कृती राहिली की!

राजेंद्र नगर

हो काका, घ्या. आधी एक : पानाच्या खालची पांढरी भुकटी म्हणजे कीड नव्हे, चाकवताला ती असतेच. दोन-तीन पाण्यांतून धुवा.

जुडीभर पानं, दोन चमचे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे एकत्र शिजवा. फक्त पानं रवीने घोटा, डाळ-दाणे आख्खे राहू देत. दोन वाट्या आंबट ताकाला दोन चमचे बेसन लावून ते त्यात ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, हात थांबला की ताक फुटतं. वरून तुपात जिरं, भरपूर लसूण, लाल मिरची. सासूबाई त्यात चिमूटभर साखर घालतात, मी घालत नाही, दोघींचं आजवर एकमत झालेलं नाही. भाकरी कुस्करून खायची.

मागच्या मार्चमध्ये कोपऱ्यातलं एक झाड काढायचं राहून गेलं होतं. कमरेएवढं वाढलं, मोहरीहून बारीक काळं बी धरलं आणि सगळं वाफ्यातच सांडलं. यंदा मी चाकवत पेरलाच नाही. दिवाळीनंतर मेथीच्या ओळींमधून आपणहून आलाय.