साध्या डॉज डार्टमध्ये हेमी इंजिन बसलं कसं?

केदार_एस: १९६३ ची डॉज डार्ट म्हणजे पेट्रोल वाचवणारी, घरगुती गाडी. आणि १९६८ मध्ये डार्टमध्येच ४२६ क्युबिक इंचांचं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं ते भलंमोठं इंजिन? नुसतं नाव ठेवून गाडी वेगळीच काढली होती का?

इंजिनवाला: गाडी डार्टच. मी इंजिनं बांधतो, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. आधीचं स्लँट सिक्स म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, ३० अंश कललेलं, म्हणून बुटकं, बॉनेटखाली आरामात मावणारं. १९६४ ला २७३ क्युबिक इंचांचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) आलं, पण ते १८० हॉर्सपॉवरचं. खरी सोय झाली १९६७ च्या नव्या बॉडीत, इंजिनची जागा रुंद झाली तेव्हा. शिकागोचे डीलर नॉर्म क्राउस, म्हणजेच ‘मिस्टर नॉर्म’, यांनी त्यात ३८३ क्युबिक इंचांचं इंजिन बसवून दाखवलं आणि मग कंपनीनेही ते द्यायला सुरुवात केली. जागा तरी इतकी कमी, की एक्झॉस्ट दाबून वळवावा लागला. दुसऱ्या गाड्यांत ३२५ हॉर्सपॉवर देणारं इंजिन इथे २८० वर आलं. पॉवर स्टिअरिंगही मिळत नसे.

हेमी डार्ट सुमारे ८० च बनल्या, त्याही ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी. पुढचे फेंडर आणि बॉनेट फायबरग्लासचं, दरवाजांचा पत्रा पातळ, मागची सीट काढलेली, बॅटरी डिकीत. काच वर-खाली करायचं हँडलसुद्धा वजन म्हणून काढलं. त्याजागी पट्टा, तो ओढून काच चढवायची! इंजिन बसावं म्हणून उजवा शॉक टॉवर (पुढचा शॉक अब्सॉर्बर जिथे बसतो तो पत्र्याचा उंचवटा) आत दाबला होता. वॉरंटी अर्थातच नाही.

मीरा_व्ही: मग रोज रस्त्यावर चालवायला यातली कुठली घ्यावी?

इंजिनवाला: डोळे झाकून ३४० क्युबिक इंचांचं इंजिन असलेली. ते इंजिन १९६८ च्या जीटीएसमध्ये, म्हणजे डार्टच्या स्पोर्टी मॉडेलमध्ये आलं, कागदावर २७५ हॉर्सपॉवर. ३८३ पेक्षा इंजिन हलकं, म्हणून पुढच्या चाकांवर भार कमी आणि वळणावर गाडी ऐकते. १९६९ ची डार्ट स्विंगर ३४० तर आणखी साधी: फालतू सजावट नाही, पैसे इंजिनात. स्वस्त गाडीचा हलकेपणा या गाडीने जसा वापरला तसा हेमीनेही नाही, असं माझं ठाम मत.

केदार_एस: आणि स्लँट सिक्स बंद झालं?

इंजिनवाला: छे! डार्ट १९७६ ला संपली, तोवर ते मिळतच होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लोक त्याच्याचकडे वळले.