'गोल बसवून भावना विचारतात' म्हणणाऱ्यांसाठी: पालिका शाळा, शिस्त आणि संवाद-वर्तुळ

दुपार_अधिवेशन

कालच्या 'शाळांतला धाक' या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलं: 'मुंबई पालिकेच्या शाळांत मारामारी करणाऱ्या पोरांना आता गोल बसवून भावना विचारायचं खूळ येतंय. अमेरिकेत हे फसलं, पिट्सबर्गचा अहवाल वाचा. पोरं डोक्यावर बसतील.' ते 'गोल बसवणं' म्हणजे संवाद-वर्तुळ: भांडलेल्या मुलांना नुसती शिक्षा न करता बोलतं करायचं आणि झालेलं नीट करायला लावायचं. याला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

पिट्सबर्गचा अहवाल रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा, २०१८ चा. ४४ शाळा, त्यातल्या निम्म्यांत चिठ्ठ्या टाकून हा प्रयोग, दोन वर्षं. शिक्षकांच्या मते वातावरण सुधारलं, निलंबनापायी बुडणारे दिवस घटले. सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतले गुण मात्र घसरले. तुम्ही शेवटचं वाक्य तेवढं उचललंत.

शिवाय तिथे भांडण निलंबनाशी होतं. आपल्याकडे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम १६ मुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १७ मुळे मारता येत नाही की मानसिक छळ करता येत नाही. मग घडतं काय? 'आईला घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही.' आई चार घरची धुणीभांडी करते, खाडा झाला की पैसे कापले जातात. मुलगा घरी सांगतच नाही. दप्तर घेऊन निघतो आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर फिरतो. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागते. असं तीन-चारदा झालं की निरोप जातो, 'दाखला काढून न्या, दुसरीकडे बघा.' हे आपलं निलंबन, आणि त्याची नोंद कुठेच नाही. संवाद-वर्तुळ आणायचंय ते याच्या जागी.

आता कृती. मारामारी झाल्या झाल्या गोल बसवायचं नसतं. आधी वेगळं करा, लागलंय का बघा, पाणी द्या. मग त्या दिवशी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येकाशी एकट्याने दहा-पंधरा मिनिटं बोला. प्रश्न पाच: काय झालं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, आता काय वाटतंय, त्रास कोणाकोणाला झाला, नीट करायला काय करशील. 'का केलंस?' विचारलं की 'त्याने आधी केलं' हे ठरलेलं उत्तर येतं, म्हणून तो प्रश्न टाळायचा. ज्याला मार बसला त्याची तयारी नसेल तर समोरासमोर आणायचंच नाही. आणलं तर शेवटी कागदावर जास्तीत जास्त तीन गोष्टी लिहायच्या: काय करणार, कोण, कधीपर्यंत. खाली पुन्हा भेटायची तारीख. ती तारीख हुकली की सगळं फुकट. सॉरी म्हटलं की सुटका, हे पोरांना आठवड्यात कळतं.

खडू_डस्टर

सर, हिशेब मांडा. दोन मुलांना पंधरा-पंधरा मिनिटं, समोरासमोर अर्धा तास, नंतरची भेट दहा मिनिटं. सत्तर मिनिटं झाली, म्हणजे ३५ मिनिटांच्या दोन तासिका. तेवढा वेळ माझा वर्ग कोण बघणार? कायद्यात उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे, पण संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद मंजूर होणं वेगळं आणि त्या पदावर माणूस येणं वेगळं. शेजारचा शिक्षक रजेवर गेला की दोन वर्ग एकत्र, ऐंशी डोकी. त्यात युडायस, म्हणजे शाळेची माहिती ऑनलाइन भरणं, त्यात बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम. आरटीईच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना लावायची मुभा आहे म्हणतात, पण मतदारयादीचं काम वर्षभर संपत नाही. ते आधी काढा, मग आम्हाला वर्तुळं शिकवा. प्रशिक्षणाला बसवायचं आणि मागे वर्ग वाऱ्यावर सोडायचा, हे आता पुरे झालं.

समुपदेशक_ताई

बीएलओचं गाऱ्हाणं खरं आहे, पण प्रत्येक धागा तिथेच नेऊन बुडवायचा का? सत्तर मिनिटं तुम्ही प्रत्येक भांडणाला लावलीत. नव्वद टक्के कुरबुरींना वर्तुळ लागतच नाही, जागच्या जागी दोन प्रश्न पुरतात. समोरासमोर बसणं लागतं ते पुन्हापुन्हा होणाऱ्या किंवा कोणाला इजा झालेल्या प्रकरणाला.

मला मूळ लेखात धोका दिसतो तो वेगळाच. काय वर्तुळात आणायचं नाही, हे त्यात लिहिलेलंच नाही. लैंगिक छळाचा वास जरी आला तरी वर्तुळ नाही, समेट नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेतली मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी त्यासाठीच आहेत. जातीवरून हिणवणं, एकाला दहा जणांनी घेरणं, इथेही दोघांना 'समान बाजू' म्हणून बसवलं तर ज्याला त्रास झाला त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. आपल्या शाळांत 'हात मिळवा, मिटवा' ही सवय इतकी मुरलेली आहे की वर्तुळाच्या नावाखाली तेच होईल.

दुपार_अधिवेशन

ताई, मान्य. ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

जिना_क्रमांक_२

भावनांवर एवढी चर्चा, जिन्यावर कोणीच बोलत नाही. दोन अधिवेशनांच्या इमारतीत सकाळची मुलं उतरतात आणि दुपारची चढतात, त्याच दहा मिनिटांत, त्याच जिन्यावर, त्याच गेटमधून. चेंगराचेंगरीत धक्का लागतो, धक्क्यावरून शिवी, शिवीवरून मारामारी. महिनाभर वहीत चारच रकाने भरा: वेळ, जागा, इयत्ता, माध्यम. नाव लिहू नका. खुणा गेट, जिना, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह इथेच गोळा होतील. मग सुटण्याच्या वेळेत दहा मिनिटांचं अंतर ठेवा, एक जिना चढायला आणि एक उतरायला. तीन नळ बंद आहेत ते दुरुस्त करा. खिचडीच्या रांगेत लहान वर्ग आधी. एवढं केलंत तर वर्तुळाला बसवायला पोरंच कमी उरतील.

मराठी_माध्यम_वाचवा

वहीत 'माध्यम' हा रकाना आलाच आहे तर विचारतो. एका इमारतीत मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी. वर्तुळ कोणत्या भाषेत? मला उत्तर माहीत आहे: हिंदीत. मराठी मुलाने नेहमी वळायचं. मराठी माध्यमाचा पट वर्षागणिक घसरतोय, वर्गखोल्या दुसऱ्या माध्यमांकडे जातायत, आणि आता भांडण मिटवायची भाषाही मराठी नको? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. उर्दू माध्यमाची मुलंही शिकतात. मग बोलू दे की मराठीत.

समुपदेशक_ताई

विषय म्हणून शिकलेल्या भाषेत तेरा वर्षांचं मूल आपला राग सांगू शकत नाही. ते 'हो', 'नाही', 'चुकलं' म्हणून मोकळं होतं आणि आपण समजतो की मिटलं.

मराठी_माध्यम_वाचवा

म्हणजे मराठीच पुन्हा मागे. प्रत्येक वेळी कारण चांगलं असतं, नुकसान मात्र आमचंच होतं.

खडू_डस्टर

अहो, मैदानावर शिव्या कोणत्या भाषेत देतात ते ऐका. दोघंही बंबइया हिंदीतच. भाषेचा झगडा मोठ्यांचा आहे. मुख्याध्यापक चार, आणि प्रत्येकजण 'आमच्या माध्यमाच्या मुलाला' पाठीशी घालतो. दोन माध्यमांतलं भांडण कोणाच्याच नोंदीत येत नाही.

मराठी_माध्यम_वाचवा

'मोठ्यांचा झगडा' म्हणून उडवून लावू नका. पोट तुटतं म्हणून लिहितो. ज्या इमारतीत तीन पिढ्या मराठीत शिकल्या तिथे मराठीचा एक वर्ग उरतो, तेव्हा त्या वर्गातली मुलं मैदानातही कोपऱ्यात उभी राहतात. हा शाळेच्या वातावरणाचाच प्रश्न आहे.

दुपार_अधिवेशन

हे मात्र खरं आहे आणि मी ते लेखात धरलं नव्हतं. पटाने लहान माध्यमाचं मूल आधीच कमी बळाचं असतं. म्हणून दोन माध्यमांतल्या प्रकरणाला एकच शिक्षक बसवू नये, दोन्ही माध्यमांचे दोघं हवेत. प्रत्येकाने हव्या त्या भाषेत बोलावं. अडलं तर मुलांपैकी एकालाच दुभाषा करू नका, तो त्याचा मित्र असतो, सोयीचं तेवढंच सांगतो. दोन्ही बाजूंचा एकेक घ्या आणि शिक्षकाने ऐकलेलं परत बोलून दाखवावं, 'तू असं म्हणालास ना?' नोंदवही इमारतीची एकच, माध्यमवार नाही.

खडू_डस्टर

दोन शिक्षक म्हणालात, म्हणजे सत्तर मिनिटांची एकशे चाळीस झाली. तरी एक बोलतो. एकाच शिक्षकाला प्रशिक्षण दिलं आणि त्याची बदली झाली की सगळं बंद, हे आजवरच्या बहुतेक उपक्रमांचं झालंय. त्यामुळे किमान दोघं हवेत, हे पटतं. पण खेळाचा तास कापून वर्तुळ घेतलेलं चालणार नाही. आठवड्यातून एकदा परिपाठाची वीस मिनिटं घ्या, भांडण नसताना. पन्नास मुलांचं एक वर्तुळ करू नका, शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पहिली दहा चुळबुळ करायला लागतात. बारा-बाराचे गट करा, डस्टर ज्याच्या हातात तोच बोलेल, नको असेल तर पुढे देईल. एक सत्र बघू. वर्ग सांभाळायला माणूस मिळाला तरच.

जिना_क्रमांक_२

आणि नळ.

मराठी_माध्यम_वाचवा

कराराचा कागद मराठीत असेल तर माझी हरकत नाही.

समुपदेशक_ताई

उर्दू माध्यमाच्या मुलाची आई तो कशी वाचणार? एकाच पानावर दोन्ही लिहा. मराठी डावीकडून सुरू होते, उर्दू उजवीकडून, मध्ये सह्यांना जागा उरते.

मराठी_माध्यम_वाचवा

चालेल. पण वर तारीख मराठीत.