फेदेरिगो मेलिस: इतिहासकार की तोस्कानाचा वकील?

तेरीजप्रेमी
आर्थिक इतिहासकार फेदेरिगो मेलिस (1914–1973) इटलीतल्या तोस्काना प्रांताचे, फ्लॉरेन्सचे. तिथल्याच प्रातो शहराचा व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी 1410 मध्ये वारला. त्याचं दफ्तर जगापुढे आणणं, 1967 मध्ये तिथे संशोधन संस्था उभी करणं, हे मेलिस यांचं श्रेय वादातीत. माझा आक्षेप वेगळा आहे. 1950 च्या हिशेबशास्त्राच्या इतिहासापासून त्यांनी लावून धरलं की द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा) तोस्कानी व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस काढली. पुरावा काय, तर फीनी बंधूंची 1296 पासूनची वही आणि प्रोव्हान्समधल्या सालों गावच्या फारोल्फी पेढीची 1299-1300 ची खतावणी. त्यातली दुसरी तर तुटक. अर्ध्यामुर्ध्या वहीवरून तेरीज (सगळ्या नावे-जमा बाक्यांचा मेळ) जुळत होती हे कसं ठरवणार? त्यापेक्षा जेनोव्हा नगराच्या खजिनदारांची 1340 ची वही घ्या. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मिऱ्याचं खातं स्वतंत्र, आणि त्या सौद्यातला तोटा पुढच्या खात्यावर ओढलेला. सगळं डोळ्यांसमोर. मेलिस इथे वकिली करतात.

खापा
डावं-उजवं हा मांडणीचा भाग, पद्धतीचा नाही. फारोल्फीच्या वहीत नावे वर आणि जमा खाली, पण प्रत्येक नोंदीत दुसरी बाजू कुठल्या पानावर आहे ते दिलंय. शंका असेल तर ती पानं जुळवून बघायची: रक्कम तीच का, उलट बाजूला का, चलन तेच का. आणि भाड्याची नोंद पाहिलीत? चार वर्षांचं भाडं 16 लिव्ह्र (तिथलं चलन) आगाऊ दिलं. वर्षअखेरीस 4 खर्ची टाकले, 12 पुढे ओढले. आज अकरावीच्या पुस्तकात याला पूर्वदत्त खर्च म्हणतात. हे करणाऱ्या कारकुनाला, म्हणजे आमातीनो मानुच्चीला, द्विनोंद कळत नव्हती असं म्हणणं जरा धाडसाचं.

तेरीजप्रेमी
एक नोंद हुशारीची असली म्हणून पद्धत पुरी होत नाही. बेल्जियमचे इतिहासकार रेमंड द रूव्हर द्विनोंदीला कडक कसोटी लावत. प्रत्येक व्यवहार दोनदा, एकाच हिशेबी चलनात, माणसांच्या खात्यांबरोबर माल-खर्च-नफ्याचीही खाती, आणि शेवटी मेळ. यातला शेवटचा भाग तुटक वहीत तपासताच येत नाही. शिवाय फारोल्फीची बारकाईने उकल अभ्यासक जेफ्री ली यांनी 1977 मध्ये केली, म्हणजे मेलिस गेल्यावर. नंतरच्या माणसाच्या कष्टाचं श्रेय आधीच्याला देऊ नका.

बेरीज_वजाबाकी
दोघेही जन्मदाखल्यात अडकलात. हिशेबाच्या इतिहासाचे अभ्यासक बेसिल येमी यांनी कधीच दाखवलंय की जुने व्यापारी दर वर्षी ताळेबंद काढत बसत नसत. वही भरली की मेळ घालायचा, बाकी नवीन वहीत न्यायची, असा कारभार बऱ्याच ठिकाणी होता. द्विनोंदीमुळे भांडवलशाही आली हा जर्मन अर्थशास्त्रज्ञ झोम्बार्टचा डोलारा तिथेच डळमळतो. मग ती 1296 ची की 1340 ची, याने आर्थिक इतिहासात काय फरक पडतो? मेलिस वाचायचे ते दातीनी दफ्तरासाठी. सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेहून अधिक हिशेबवह्या, हुंड्या, विम्याचे दस्त.

खापा
पण ते दफ्तर वापरायला हिशेबाचीच नजर लागते हो. साधं काम घ्या: पत्र किती दिवसांत पोचायचं? मेलिस यांनी हा हिशेब मांडला, कारण पत्रात लिहिल्याची तारीख असते आणि मिळाल्याची तारीख घेणारा पाठीवर टाकतो. वजाबाकी केली की झालं, असं वाटतं. पण फ्लॉरेन्सचं वर्ष 25 मार्चला सुरू. तिथला 10 फेब्रुवारी 1399 म्हणजे आपला 1400. पीसाचं वर्षही 25 मार्चचंच, पण फ्लॉरेन्सच्या एक वर्ष पुढे. हे विसरलात तर शेजारच्या गावचं पत्र वर्षभर वाटेत दिसेल, नाहीतर लिहिण्याआधीच पोचेल! पैशाचंही तेच. लिरा म्हणजे 20 सोल्दी, 240 देनारी; फ्लॉरेन्सच्या पेढ्या मात्र 'आ फियोरीनी' हिशेबात एक फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) 29 सोल्दीचा धरत. कुठल्या वहीत कुठलं चलन हे आधी न ठरवता रकमा एका तक्त्यात टाकल्या की पुढचं सगळं पाण्यात.

बेरीज_वजाबाकी
हे मान्य. तरी एक घोर मला आहेच. दफ्तर एका माणसाच्या पेढ्यांचं: आविन्यों, प्रातो, पीसा, जेनोव्हा, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, व्हालेन्सिया, माजोर्का. सगळा पश्चिम भूमध्य. पूर्वेकडून दमास्कसपर्यंतचे बाजारभाव येतात, पण पेढी तिकडे नाही. एवढ्यावर मेलिस जहाजभाड्याची क्रांती उभी करतात: आधी भाडं वजनावर, त्यामुळे धान्य-मीठ असा स्वस्त माल दूर नेणं परवडत नसे, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाडं मालाच्या किमतीकडे बघून ठरू लागलं, मसाला-कापडाने जास्त भार उचलला आणि जड माल समुद्रात उतरला.

तेरीजप्रेमी
इथे मात्र मी मेलिस यांच्या बाजूने. झोम्बार्ट मध्ययुगीन व्यापाराला किरकोळ समजायचा, त्याला हे रोखठोक उत्तर होतं, आणि तेही कागदावरचं.

बेरीज_वजाबाकी
कागदावरचं आहे, पण दुसरं कारण वगळून नाही. स्पेनजवळच्या इबिसा बेटाचं मीठ स्वस्तात यायचं ते किमतीनुसार भाडं ठरल्यामुळे, की परतीला नाव रिकामी आणण्यापेक्षा मिळेल तो दर बरा म्हणून? दोन्हींत मिठाचा दर कमीच दिसणार. फरक कळायला एकाच नावेची, एकाच खेपेची, जाता-येता दोन्ही बाजूंची भाडी हवीत.

खापा
बरोबर, आणि अडचण तिथेच आहे. दफ्तरात जहाजांवरच्या मालाच्या याद्या आहेत, पण यादी सांगते कुणाचा माल, किती गासड्या. भाडं शोधायचं तर पेढीच्या खतावणीत त्या मालाचं खातं उघडून खर्चाच्या नोंदी बघायच्या. तिथे भाडं, जकात, हमाली कधी वेगवेगळी, कधी एकाच रकमेत. एकरकमी नोंदी बाजूला काढून उरलेल्यांवरच दर काढायचा, आणि त्याही जाणाऱ्या-येणाऱ्या खेपांच्या वेगळ्या. आणि हे दातीनीच्या मालापुरतंच. त्याच नावेवर दुसऱ्यांचा जो माल होता, त्याचं भाडं या वह्यांत यायचं कारण नाही.